शिवण दिसते, गळती लपते

मोटारीवर मालकाने स्वतःच्या हाताने करायची कामे सीटच्या फाटलेल्या कापडापासून सुरू होतात आणि गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या गळक्या सांध्याशी येऊन थांबतात. पहिल्या कामाला सुई-दोरा, कात्री आणि सुट्टीचे दोन दिवस पुरतात. दुसऱ्याला जॅक, पाने, गंजलेले नट सोडवण्याची चिकाटी आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंची जाण लागते. या दोन टोकांच्या मध्ये गालिचा, दारांचे रबर, दिवे, वायरिंग अशी बरीच कामे येतात.

या कामांविषयी दोन मते आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. हौशी मालकाचे म्हणणे असे, की ज्याची गाडी त्याला तिचा कानाकोपरा ठाऊक असावा आणि हात ग्रीसने माखल्याशिवाय तो ठाऊक होत नाही. गॅरेजच्या मिस्त्रीचे म्हणणे असे, की यंत्र कुणाची हौस पाहत नाही, आणि घरी केलेल्या अर्धवट कामाचा निस्तार शेवटी गॅरेजमध्येच होतो. पुढील संवादात ही दोन मते एकाच गाडीवर समोरासमोर ठेवली आहेत. गाडी दहा-बारा वर्षे चाललेली, भारत स्टेज-4 काळातली, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक. या वयाला सीटचे कापड आणि सायलेन्सरचा पत्रा बहुधा मागेपुढे जबाब देतात.

हौशी : सीट म्हणजे गाडीतलं फर्निचर. घरच्या सोफ्याचं कापड बदलायला कुणी कंपनीला विचारायला जात नाही. चार बोल्ट सोडले की सीट बाहेर येते, जुनी खोळ उसवली की तोच नमुना हाती लागतो. तयार कव्हर वरून ओढून बसवण्यापेक्षा हे काम कितीतरी नेटकं होतं.

मिस्त्री : सोफा जमिनीला बोल्टनं बांधलेला नसतो, साहेब, आणि ताशी ऐंशीच्या वेगातून एका क्षणात थांबतही नाही. बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचं बकल सीटच्याच सांगाड्याला असतं. म्हणजे ते चार बोल्ट नुसती सीट नाही, बसलेला माणूस धरून ठेवतात. हाताला घट्ट लागले एवढ्यावर सोडून चालत नाही. कंपनीनं दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचनं आवळायचे.

हौशी : ते मान्य. टॉर्क रेंच घेतो. पण कापडाचं काय अडतं ते सांगा.

कापडाचे अडते ते बहुतेक वेळा रचना न समजल्यामुळे. सीट उघडली की सगळ्यांत आत लोखंडी सांगाडा, त्यावर नागमोडी स्प्रिंगा किंवा तारांची जाळी, त्यावर साच्यात घडवलेला फोम आणि शेवटी कापडाची खोळ असे थर दिसतात. खोळ फोमला चिकटवलेली सहसा नसते. तिच्या आतल्या शिवणीत तार ओवलेली असते, फोमच्या खाचेत दुसरी तार असते, आणि छोट्या लोखंडी रिंगांनी या दोन तारा एकमेकींना बांधलेल्या असतात. सीटवर जी खोल घडी दिसते ती या रिंगांच्या ओढीने पडते. नवी खोळ घालताना रिंगा वगळल्या, तर पाठीच्या खोलगट भागावर कापड तंबूसारखे ताणून उभे राहते आणि बसणाऱ्याच्या कमरेला आधार मिळत नाही.

जुनी खोळ ओढून फाडू नये, ब्लेडने टाका-टाका उसवावी. प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक, पुढची दिशा आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या खुणा कराव्यात, कारण टेबलावर पसरलेल्या तुकड्यांत डावे-उजवे ओळखू येत नाही. लव असलेल्या कापडात सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवावी; नाहीतर एकाच थानातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात. सुती दोरा ओलीने कुजतो, म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा जाड दोरा घ्यावा. घरच्या शिलाई मशीनला 16 किंवा 18 नंबरची सुई लावली तर दोन थर सहज शिवले जातात. कोपऱ्यात चार थर एकत्र येतात तिथे मोटर बंद करून चाक हाताने फिरवावे.

टाक्याची गोष्ट मात्र शिंपीकाम येणाऱ्यालाही फसवते. बारीक टाका मजबूत, हा नियम रेक्झिनवर उलटा पडतो. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. रेक्झिनमध्ये ती भोक पाडते आणि ते भोक कधीच भरून येत नाही. जवळजवळ पडलेली भोके पोस्टाच्या तिकिटांच्या ओळीसारखी होतात आणि खोळ नेमकी तिथून फाटते. म्हणून रेक्झिनवर टाका चार ते पाच मिलिमीटरचा ठेवावा.

हौशी : रेक्झिनच घ्यावं म्हणतो. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. मुलांनी काही सांडलं तरी चिंता नाही.

मिस्त्री : मे महिन्यात नागपूरला भर उन्हात गाडी लावून ठेवा आणि मग त्याच्यावर बसून दाखवा. बसायच्या आणि टेकायच्या जागी कापड घ्या, नाहीतर छिद्रं पाडलेला माल घ्या. कडांना रेक्झिन लावा, चढता-उतरता घासतं तिथं ते टिकतं. आणि पडद्याच्या दुकानातला स्वस्त माल आणू नका. पडद्याचं कापड आणि गाडीचं कापड एक नव्हे.

मिस्त्रीच्या शेवटच्या वाक्यामागे आगीचा विचार आहे. गाडीच्या आतल्या साहित्याने किती वेगाने जळावे याला मर्यादा असते. अमेरिकेच्या जुन्या आणि सर्वत्र उल्लेखल्या जाणाऱ्या मानकानुसार आडव्या धरलेल्या नमुन्यावर ज्वाळा मिनिटाला सुमारे 102 मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. 'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचे नाव, आणि तो माल म्हणजे सेल्युलोज नायट्रेटचा लेप दिलेले कापड, म्हणजे चटकन पेट घेणारी वस्तू. आज त्या नावाखाली पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला माल विकला जातो, नाव तेवढे उरले आहे. मोटारीसाठी म्हणून बनवलेला माल मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आणि पुण्यात नाना पेठेच्या बाजारात मागितला की मिळतो. घ्यायच्या आधी कापडाचा तुकडा घरी नेऊन, मोकळ्या जागेत चिमट्यात धरून पेटवून पाहावा. ज्योत दूर केल्यावरही तो भराभर जळत राहिला, तर तो माल गाडीत जाऊ देऊ नये.

एअरबॅगच्या बाबतीत हौशी माणसाने हट्ट धरू नये. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचे लेबल असेल, तर त्या कडेची शिवण ठरावीक दोऱ्याने, ठरावीक जागी उसवेल अशी शिवलेली असते. तिथे घरचा मजबूत दोरा घातला तर एअरबॅग उघडताना अडते किंवा भलत्या दिशेला फुगते. अशी सीट घरी शिवू नये. वरून घट्ट कव्हरही चढवू नये. सीटमध्ये एअरबॅग नसली तरी खाली वायर असू शकते. भारतात 1 जुलै 2019 पासून तयार झालेल्या मोटारींना चालकाची एअरबॅग आणि सीटबेल्टची आठवण देणारा गजर सक्तीचा आहे, आणि त्याआधीच्या अनेक गाड्यांतही या गोष्टी होत्याच. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला की तो एअरबॅगच्या यंत्रणेचा समजावा. इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, काही मिनिटे थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये.

मिस्त्री : आता सीट बाहेर काढलीच आहे तर एक करा. गालिचा उचलून बघा.

हौशी : कशाला? त्याचं काम नाही काढलेलं.

मिस्त्री : म्हणूनच सांगतोय. गॅरेजमध्ये कुणी सांगितल्याशिवाय गालिचा उचलत नाही, आणि न उचलल्यामुळं खाली काय चाललंय ते कळत नाही.

गालिच्याखाली जाड फेल्ट असते आणि ते पाणी धरून ठेवते. दाराचे रबर चिरले, काचेखालच्या जाळीत पानांचा कचरा अडकून पाण्याची वाट बुजली, किंवा एसीच्या पाण्याची नळी तुंबली, की पाणी आत उतरते. वरचा गालिचा दोन दिवसांत कोरडा वाटतो. खालचे फेल्ट कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात चार-चार महिने ओले राहते. त्या ओलीखाली पत्रा आतून गंजत जातो. पत्र्यात कारखान्यातच ठेवलेली काही भोके असतात आणि ती रबरी बुचांनी बंद केलेली असतात. जुन्या गाडीत यातले एखादे बूच निखळलेले असते, किंवा कुणीतरी स्पीकरची वायर खेचताना काढून फेकलेले असते.

सीटचे काम आणि सायलेन्सरचे काम एकमेकांना भेटतात ते या पत्र्यापाशी. वर माणूस बसतो, खालून इंजिनात जळालेला वायू वाहत जातो, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा असतो. सीट शिवणारा हा पत्रा न पाहता सीट परत बसवतो, तेव्हा त्याने कामाचा दिसणारा भाग केला आणि महत्त्वाचा भाग सोडून दिला. गंजाची पापडी तारेच्या ब्रशने काढून, आरपार भोक नसेल तर गंजरोधक रंग देऊन, फेल्ट उन्हात पुरते वाळवून किंवा नवे घालून आणि प्रत्येक भोकात बूच बसवून मगच गालिचा खाली टाकावा. आरपार भोक असेल तर तिथे पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा लागतो. सीलंटचा गोळा दाबून तो पत्रा बरा होत नाही.

आता गाडीच्या खाली. बोलीत सगळ्याच नळीला 'सायलेन्सर' म्हणतात, पण तिचे भाग वेगळे आणि त्यांची दुखणीही वेगळी. इंजिनाच्या डोक्याला लागून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, त्याच्याजवळ वायू शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग इंजिनाची थरथर झेलणारा जाळीदार लवचिक तुकडा, मग लांब नळी आणि मागे खरा सायलेन्सर, म्हणजे आवाज मारणारा डबा. भारतात चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर 1995 पासून आला. उदाहरणातल्या गाडीला तो आहेच, आणि त्याच्या आधी ऑक्सिजन सेन्सरही आहे.

हौशी : माझ्या गाडीच्या मागच्या डब्यातून सकाळी पाणी ठिबकतं. डब्याच्या तळाला बारीक भोक पडलंय. एम-सीलनं बुजवून टाकतो.

मिस्त्री : ते भोक पडलेलं नाही, पाडलेलं आहे. कंपनीनं.

या प्रश्नोत्तरात गंजाचे सगळे कारण आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, वाफेच्या रूपात. नळी तापलेली असते तोवर ती वाफ मागून निघून जाते. रोज दोन किलोमीटरवर कामाला जाऊन परत येणाऱ्या गाडीत मागचा डबा पुरता तापतच नाही. वाफ डब्यातच निवते आणि त्यात विरघळलेल्या आम्लांसह तळाशी साचते. म्हणून सायलेन्सर बाहेरच्या चिखलाने जेवढा गंजतो, तेवढाच किंवा अधिक आतून गंजतो. तळाचे बारीक भोक हे पाणी जाण्यासाठी ठेवलेले असते. ते बुजवणारा माणूस गळती थांबवत नाही, डब्याचे आयुष्य कमी करतो. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या गाडीचा सायलेन्सर शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त टिकतो तो याच कारणाने.

खरी गळती ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा आवाज येतो, वेग वाढवला की तोही भरभर होतो, आणि पाच-दहा मिनिटांत धातू तापून फुगला की तो मंदावतो किंवा थांबतो. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसते. लवचिक तुकडा चिरला असेल तर गिअरमध्ये जोर पडताना खरखरीत फुसफुस होते.

हौशी : इथंच माझा मुद्दा येतो. तो टिक-टिक आवाज रोज पहाटे माझ्या पार्किंगमध्ये होतो. तुमच्याकडं गाडी येते तेव्हा ती तासभर चालून, तापून आलेली असते. तुम्ही बोनेट उघडून म्हणता, आवाज कुठाय? तुम्हाला तो कधी ऐकूच येणार नाही.

मिस्त्री : हे खरं आहे. रात्रभर गाडी गॅरेजला ठेवा असं आम्ही सांगतो, लोक ठेवत नाहीत.

हौशी : म्हणजे दुखणं शोधायचं काम मालकाचंच. आणि आणखी एक. पत्र्याची ढाल खडखडत होती, तर तेवढ्यावर पूर्ण सायलेन्सर बदलायला सांगणारी गॅरेजं आहेत. मी खाली वाकून पाहिलं, ढालीचा स्क्रू गंजून तुटला होता. स्टीलची होज क्लिप गुंडाळून आवळली, खडखड गेली.

हा मुद्दा हौशी मालकाने जिंकलेला आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा. उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या ढालीचा खडखडाट, तुटलेले लोंबते रबर, सुटलेला क्लॅम्प ही कामे घरी होतात, आणि गाडीचा रोजचा आवाज मालकाइतका कुणाच्याच कानात बसलेला नसतो. तपासही घरी करता येतो. मोकळ्या जागेत, पूर्ण थंड इंजिन सुरू करून, साबणाचे पाणी फवाऱ्याने एकेका सांध्यावर मारावे आणि बुडबुडे पाहावेत. मदतीला दुसरा माणूस असेल तर त्याने जाड हातमोजा घालून, ओल्या फडक्याने मागचे तोंड दोन-तीन सेकंद दाबावे. नळी धड असेल तर इंजिन गुदमरू लागते. गळती असेल तिथे फुस्स असा आवाज येतो. हे सगळे नळी तापण्याआधी उरकायचे.

मिस्त्री : शोधलंत, उत्तम केलंत. आता बुजवणार कसं?

हौशी : एम-सील.

मिस्त्री : ते पाण्याच्या पाइपाला. कन्व्हर्टरमध्ये काम होतं तेव्हा आतलं तापमान चारशे अंशांच्या वर असतं. साधी पुटी तिथं भुगा होऊन गळते, आणि आधी चार दिवस गळती थांबल्यासारखी वाटते. तेच चार दिवस घातक.

नळीसाठी वेगळी, उष्णता सोसणारी पेस्ट आणि काचतंतूची गुंडाळपट्टी मिळते. मागच्या, तुलनेने थंड भागातल्या बारीक छिद्राला ती काही महिने साथ देते, तीही पत्रा ब्रशने चकचकीत घासला असेल तर. सांध्यातून गळत असेल तर जुने पॅकिंग खरवडून नवे घालावे. जुने परत वापरू नये. पत्राच पातळ झाला असेल तर त्यावर वेल्डिंगही टिकत नाही. वेल्डरच्या काठीपुढे तो विरघळत जातो, आणि तो डबा बदलण्याला पर्याय नसतो. आर्क वेल्डिंग गाडीवरच करायचे असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढावी, आणि पेट्रोलची टाकी व नळ्या जवळ असतील तर नळीच सोडवून बाहेर न्यावी.

मॅनिफोल्डचे नट हे या कामातले सगळ्यांत कठीण प्रकरण. तापून-निवून, गंजून ते स्टडशी एकजीव झालेले असतात. अधीर माणूस लांब पाइप लावून जोर देतो आणि स्टड मुळातून तुटतो. मग इंजिनाच्या डोक्यात ड्रिल मारून तो काढावा लागतो आणि पॅकिंगचे काम दहापट महाग पडते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे, नट आधी किंचित आवळून मग सैल करावा, अडला तर मागेपुढे मागेपुढे हलवावा. इतके करूनही सुटला नाही तर तो नट मिस्त्रीकडे सोपवावा. यात कमीपणा नाही.

आणि गाडीखाली जायचे ते केवळ जॅकवर विसंबून कधीही नाही. सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक एका बाजूने खचतात, जॅक तिरपा होतो आणि गाडी घसरते. सपाट, टणक काँक्रीट, चाकांना अटकाव, दोन्ही बाजूंना जॅकस्टँड, आणि आत जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहणे. विटांची चळत हा जॅकस्टँड नव्हे. वीट सूचना न देता फुटते.

हौशी : मागच्या डब्यात बारीक छिद्र असलं तर बिघडतं काय? थोडा आवाज येईल. पीयूसी तर पास झालीय.

मिस्त्री : पीयूसीवाला नळीच्या तोंडाशी मोजतो. तुमच्या मागच्या सीटवर कोण बसतं, तिथं कोण मोजतं?

मिस्त्रीचा हा प्रश्न सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो. पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. हवेत दर दहा लाख भागांत हजार-दीड हजार भाग एवढाच हा वायू असला तरी तासा-दोन तासांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. पीयूसी तपासणीत भारत स्टेज-4 च्या पेट्रोल मोटारीला इंजिन नुसते चालू असताना 0.3 टक्के मर्यादा आहे, म्हणजे दहा लाखांत तीन हजार भाग. अगदी जुन्या, कार्ब्युरेटरच्या काळातल्या मोटारींना तीन टक्के, म्हणजे तीस हजार. हे आकडे बाहेरच्या मोकळ्या हवेत मिसळून जाणाऱ्या धुराचे आहेत. तोच धूर बंद गाडीत शिरला तर पीयूसीचा कागद काही वाचवत नाही. त्यातही कन्व्हर्टरच्या आधी गळती असेल, तर आत येतो तो शुद्ध न झालेला वायू. शिवाय गळक्या सांध्यातून हवा आत ओढली जाऊन नळीच्या तोंडाशी मोजलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो.

सेन्सरच्या आधीची गळती खिशालाही लागते. वायूच्या प्रत्येक झटक्यामागून नळीत क्षणभर दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत शोषली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, इंजिनाच्या संगणकाला वाटते पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो ते वाढवतो. मालक ॲव्हरेज पडले म्हणून प्लग बदलतो, फिल्टर बदलतो. दोष पन्नास-शंभर रुपयांच्या पॅकिंगमध्ये असतो.

चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी राहतो, त्यामुळे मागून निघालेला धूर गाडीच्या पाठीशी रेंगाळतो. डिकीचे रबर फाटले असेल, सामान बाहेर आले म्हणून डिकी अर्धी उघडी बांधली असेल, किंवा गालिच्याखालचे ते एक बूच निखळलेले असेल, तर तो आत येतो. मागे बसलेल्याचे डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि घरचे म्हणतात गाडी लागली. घाटातल्या वळणांनी गाडी लागणे आणि वायूने डोके दुखणे यांत एक फरक लक्षात ठेवावा: सरळ रस्त्यावर, खिडक्या बंद असताना, एकाहून अधिक जणांना एकदमच हा त्रास होत असेल तर गाडी थांबवून सगळ्यांनी खाली उतरावे, आणि मोकळ्या हवेत लवकर बरे वाटले तर ती गाडी सायलेन्सर तपासल्याशिवाय पुन्हा बंद खिडक्यांनी चालवू नये.

हौशी : मग कन्व्हर्टर काढून सरळ नळीच टाकतात ते काय? आवाज भारी येतो, ताकद वाढते म्हणतात.

मिस्त्री : लहान इंजिनात वाढतो तो आवाजच. आणि सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांनी तो का सोसावा?

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम तितक्याच काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या वाहनाला पहिल्याच गुन्ह्यात दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. सीटचे कापड बदलणे या कक्षेत येत नाही. मात्र सीट काढून टाकणे किंवा वाढवणे येते, कारण आसनसंख्या आरसी बुकात नोंदलेली असते. सीएनजी किट हा तर घरच्या कामाचा विषयच नव्हे; सुमारे दोनशे बार दाबाची टाकी मान्यताप्राप्त केंद्रातच बसवावी, आरसीवर नोंदवावी आणि ठरलेल्या मुदतीत तिची चाचणी करून घ्यावी.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगता येते. साधारण एच-4 दिव्याचा बल्ब 60/55 वॅटचा असतो. त्याजागी 100/90 चा बसवला की एका दिव्याला सव्वाआठ अँपिअर लागतात, दोघांना सोळाच्या वर, आणि हे सगळे त्याच बारीक तारेतून आणि त्याच स्विचमधून जाते. तार तापते, कनेक्टर वितळतो. असे बल्ब न लावणेच बरे. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ते जातात. फ्यूज उडाला की त्याजागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे आगीला दिलेले आमंत्रण. फ्यूज उडाला याचा अर्थ त्याने आपले काम केले, आणि का उडाला हे शोधणे मालकाचे काम. वायर पत्र्यातून न्यायची असेल तर भोकात रबरी ग्रोमेट हवाच. तो नसेल तर पत्र्याची धार तारेचे आवरण कापते, आणि खालचा धूर वर येण्याची आणखी एक वाट उघडते.

हौशी : म्हणजे शेवटी तुमचं म्हणणं काय? घरी काही करूच नये?

मिस्त्री : सीट घरी शिवा. शिवण वाकडी गेली तर तुम्हाला दिसेल, उसवून परत शिवाल. गालिचा उचला, बुचं बसवा, सांधे तपासा, आवाज ऐका. पण ज्या कामातली चूक दिसत नाही, त्या कामावर दुसऱ्याची नजर पडल्याशिवाय मुलांना गाडीत बसवू नका. मीसुद्धा माझ्या गाडीचं वेल्डिंग केलं की शेजारच्या गॅरेजवाल्याला दाखवतो.

हौशी : आणि तुम्ही केलेलं काम मी बघितलं तर चालेल?

मिस्त्री : बघायलाच हवं. गाडी थंड करून, साबणाचं पाणी घेऊन उद्या पहाटे या.

सायलेन्सरचे काम कुणाच्याही हातून झालेले असो, त्याची शेवटची परीक्षा एकच आहे. आकडा दाखवणारा, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर बाजारात मिळतो. तो मागच्या सीटवर ठेवावा, सगळ्या काचा बंद कराव्यात, एसी आतली हवा फिरवण्यावर लावावा आणि वर्दळ नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवावी. आकडा वाढू लागला तर लगेच काचा उघडाव्यात, आणि घरी आल्यावर गाडी पुन्हा जॅकस्टँडवर चढवावी.